टाकीवरची रेघ

सोयाबीनची मळणी सुरू झाली, हे मला शेतात न जाता कळतं. पुस्तकांच्या कपाटावर बोट फिरवलं की बोटाला पिवळट, खाजरी धूळ लागते. कपाट परवाच पुसलेलं असतं. पण गावाच्या चारी बाजूंनी हडंबे घुमत असतात. मळणीयंत्राला आमच्याकडे हडंबा म्हणतात, आणि एकदा तो आवाज ऐकला की दुसरं नाव सुचत नाही. त्यांच्या तोंडातून उडालेलं कुटार (शेंगांचा भुसा) वाऱ्यावर चढतं आणि कुणाच्याही घरात, कुणाच्याही चहात येऊन पडतं. मी तीस-एक वर्षं चिखलीच्या कॉलेजात मराठी शिकवलं. शरदाच्या चांदण्यावर मुलांकडून ढीगभर निबंध लिहून घेतले. शरदाच्या कुटारावर एकही नाही.

हे दिवस तसे कुणाच्या कौतुकाचे नाहीतच. पाऊस गेलेला असतो आणि ऊन सूड उगवल्यासारखं परत आलेलं असतं. अंगणात वाळत टाकलेल्या शेंगा दुपारी आपोआप तडकतात, बारीक आवाज करत. बांधावर झेंडू पिवळा होतो. साऱ्या उंद्री गावाला घाई असते, आभाळाकडे बघत बघत चाललेली घाई. ज्या वर्षाचं सांगतोय, त्या वर्षी आमच्या घरात मात्र दोन माणसांना कसलीच घाई नव्हती. एक मी, कारण मी निवृत्त झालो होतो. दुसरा माझा थोरला भाऊ, कारण त्याचा उजवा हात गेला होता.

खरं तर घाई होती. फक्त ती आम्ही एकमेकांना दाखवत नव्हतो.

कपाटाच्या तिसऱ्या फळीवर, मिठाईच्या पारदर्शक डब्याखाली, वीतभर लांबीची एक मोटारसायकल उभी आहे. काळी, जुन्या धाटणीची, थेंबासारख्या टाकीची. टाकीवर सोनेरी रेघ. घरी येणारा प्रत्येक माणूस डबा उचलतो. "सर, हे तुम्ही बनवलं?" मी हो म्हणतो. मग तो डोळे बारीक करून म्हणतो, "रेघ तर काय, मशीनसारखी!" यावरही मी हो म्हणतो. ती मशीनचीच आहे. त्या रेघेखाली दुसरी एक रेघ होती. ती मी पुसली. या लेखात सांगण्यासारखं एवढंच आहे. बाकीचं धूळ, ऊन आणि इकडचं तिकडचं.

भाऊ पेंटर होता. चित्रकार नव्हे. चित्रकार झाला असता तर सत्काराला त्याला बोलावलं असतं आणि मला घरी राहता आलं असतं. चिखली रस्त्यावर त्याचं टपरीवजा दुकान होतं. नंबरप्लेटा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मालकाचं आणि देवाचं नाव (मालकाचं मोठं), दुकानांच्या पाट्या, आणि मोटारसायकलच्या टाकीवरच्या रेघा. त्याची कीर्ती या शेवटच्या कामाची. खामगावात एका उस्तादाजवळ तो ते शिकला होता. ब्रश लांब केसांचा, मुठीत नव्हे तर चिमटीत धरायचा. करंगळी टाकीवर टेकवायची आणि श्वास रोखून हात ओढत न्यायचा. मध्ये थांबायचं नाही. श्वास सुटला की रेघ सुटते. रेघेच्या शेवटी तो मनगटाला हलकासा झटका द्यायचा आणि टोक बारीक होत वर वळायचं. लोक त्याला मिशी म्हणत. मेहकरच्या बाजारात उभी असलेली गाडी लांबून बघून माणसं सांगत, "थे पाह्य, उंद्रीच्या पेंटरची मिशी." साहित्यात ज्याला शैली म्हणतात आणि जिच्यावर मी दरवर्षी बारा तास घेत असे, ती मला घरात इतकी जवळ होती. मी तिच्यावर एक शब्द लिहिला नाही.

आदल्या वर्षीच्या दसऱ्याला त्याने सकाळपासून नव्या गाड्यांना रेघा मारल्या. दुसऱ्या दिवशी दात घासताना ब्रश हातातून पडला. तो उचलायला वाकला आणि तिथेच बसला. तोंड जरा वाकडं झालं ते महिन्याभरात सरळ झालं, पाय ओढत का होईना चालायला लागला, बोलणं पूर्ववत झालं. उजवा हात तेवढा मांडीवर पडून राहिला, दुसऱ्याचा असल्यासारखा. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं होतं, "पहिल्या वर्षात जे परत येईल ते येईल. नंतर फार आशा ठेवू नका." डॉक्टरांनी हे इतक्या सहज सांगितलं की आम्हीही सहज मान हलवली. बाहेर येऊन भाऊने विचारलं, "वर्ष म्हणजे दसऱ्यापर्यंत ना?" मी म्हटलं, "तसं काही तारखेवर नसतं." तो म्हणाला, "वसंता मास्तर, सगळं तारखेवरच असते."

हाताच्या व्यायामासाठी त्याला रबरी चेंडू दिला होता. तो दाबायचा, डाळ निवडायची, कणिक मळायची. चेंडू त्याने तिसऱ्या दिवशी कुत्र्याला दिला. डाळीकडे बघून वहिनीला म्हणाला, "तुह्या घरचं काम तू कर." श्रावणात त्याच्या मुलाने पुण्याहून एक खोकं पाठवलं. त्यात ही मोटारसायकल होती, म्हणजे तिचे तुकडे होते. प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेले शे-दीडशे बारीक भाग, कैऱ्यांसारखे देठाला धरून. एक-एक तोडायचा, घासायचा, चिकटवायचा, रंगवायचा. मुलाला कुणीतरी सांगितलं होतं की अशा कामाने बोटं जागी होतात.

भाऊने खोक्यावरचं चित्र बराच वेळ पाहिलं. मग पहिलाच प्रश्न विचारला, "साडीगार्ड कुठं हाये?"

मी माहितीपत्रक उलटसुलट पाहिलं. जपानी आणि इंग्रजीत सत्तावीस चित्रं होती, साडीगार्ड एकाही चित्रात नव्हतं.

"मंग बाई बसन कशी?"

"भाऊ, ही वीतभर गाडी आहे."

"असू दे ना. गाडी लहान हाये म्हणून बाईनं चाकात पदर अडकवाचा का?"

वहिनी आतून म्हणाल्या, "मले कधी बसवलं मोटारसायकलवर? लोकायच्या टाक्या रंगवता रंगवता जनम गेला, आपल्या घरी सायकल. आता म्हातारपणी साडीगार्ड पाह्यजे!"

हे खरं होतं. भाऊने आयुष्यात स्वतःची मोटारसायकल घेतली नाही. विचारलं की म्हणायचा, हलवायाच्या घरी गोड खात नाहीत. पण त्या दुपारी तो वहिनींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हे आपलीच हाये. गार्डाचं पाहू." आणि वहिनींनी, तोंडातल्या तोंडात बडबडत, अंबाड्यातला आकडा काढून टेबलावर ठेवला. तो वाकवून भाऊने डाव्या हाताने आणि दातांनी साडीगार्ड केलं. आजही मागच्या चाकाशी ते आहे. या गाडीवर आमच्या घरात बनलेला भाग म्हणाल तर तेवढाच.

काम सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी आमच्यात मतभेद झाले. मी पत्रकाप्रमाणे जाणारा माणूस. अनुक्रमांक एक, मग दोन. भाऊला पत्रक हा अपमान वाटे. "इंजिन आधी. मंग चेसीस. गाडी काय वाचून बनते बे?" गंमत म्हणजे पत्रकातही इंजिनच आधी होतं. ते मी त्याला सांगितलं नाही. तो सांगायचा आणि मी करायचो. मी नखं कापायच्या कात्रीने भाग तोडायचो आणि देठाची खूण पाण्याच्या बारीक पॉलिशपेपरने घासायचो. सांधा दिसला की भाऊ म्हणायचा, "लांबी भर." भेग बुजवायच्या लुकणाला पेंटर लांबी म्हणतात. मी काडीच्या टोकावर घेऊन भरायचो, वाळली की पुन्हा घासायचो. तो डाव्या अंगठ्याने चाचपून सांगायचा, "अजून लागते." मला डोळ्यांना काही दिसत नसे. त्याच्या अंगठ्याला सगळं दिसे.

माझ्या हातून चुका पुष्कळ झाल्या. मागचं चाक मी उलटं बसवलं. सायलेन्सरला माझ्या बोटाचा ठसा कायमचा चिकटला. भाऊ हसला नाही. "होते," म्हणायचा. "सोड, पुन्हा कर." माझ्या हाताखालून हजारो विद्यार्थी गेले, त्यांतल्या एकालाही मी इतक्या शांतपणे "होते" म्हटल्याचं आठवत नाही. मी लाल पेनचा माणूस. चूक दिसली की हात आपोआप जातो. हॉटेलातल्या यादीवर जातो, लग्नपत्रिकेवर जातो. वहिनींच्या किराणाच्या चिठ्ठीवरही एकदा गेला होता. त्या आठवड्यात मला वरण अळणी मिळालं.

रंग द्यायची वेळ आली तोवर हडंबे सुरू झाले होते. काळा रंग आणि कुटार यांचं जमत नाही. फवारलेला रंग वाळायच्या आत त्यावर बारीक तुसं येऊन बसत आणि टाकी हरभऱ्याच्या पानासारखी लवदार दिसे. दोनदा घासून पुन्हा रंगवली. दारं-खिडक्या लावल्या तर वासाने डोकं धरे. शेवटी भाऊला सुचलं, मच्छरदाणी. पलंग बाहेरच्या खोलीत ओढला, त्यावर पाट ठेवला, मच्छरदाणी लावून तिच्यावर वहिनींचं जुनं ओलं लुगडं टाकलं आणि आम्ही दोघं म्हातारे भरदुपारी आत जाऊन बसलो. शेजारचे नामदेवराव शेतातून येताना दारातून डोकावले.

"काय हो सर, दिवसा मच्छर?"

"गाडी रंगवून राह्यलो," भाऊ आतून म्हणाला.

"मच्छरदाणीत?"

"मंग काय रोडवर रंगवू? तुमचा हडंबा बंद करता का?"

नामदेवराव थोडा वेळ गाडी शोधत राहिले. ती दिसली तेव्हा त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "पेट्रोल किती खाते?" असं अगदी गंभीरपणे विचारून ते गेले. त्यानंतर आठ दिवस गावात जो भेटे तो मला ॲव्हरेज विचारी.

मच्छरदाणीतल्या त्या दुपारी मला नीट आठवतात. बाहेरचा घुमणारा आवाज आत येईतो मऊ होऊन जायचा. ओल्या लुगड्यातून येणारा वारा गार असे. टर्पेंटाइनचा वास, भाऊच्या अंगाचा मलमाचा वास, आणि आमच्यामध्ये पाटावर ती काळी, हळूहळू अवयव फुटत चाललेली वस्तू. भाऊ फार बोलत नसे. मधूनच त्याचं लक्ष आपल्या उजव्या हाताकडे जाई. मी न बघितल्यासारखं करत असे. त्याची बोटं कधीकधी हलत. हलत म्हणजे झोपेत कुणी कूस बदलावी तशी, स्वतःहून. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी ओरडलो. भाऊने मला गप्प केलं. "बोलू नको. बोललं की जाते."

गाडी पूर्ण होत आली. राहिली ती टाकीवरची रेघ.

खोक्यात रेघेची सोय होती. एका कागदावर तयार सोनेरी पट्ट्या छापलेल्या होत्या. पाण्यात भिजवायच्या, अलगद सरकवायच्या, रुमालाने टिपायच्या. भाऊने तो कागद हातात घेतला, उन्हाकडे धरून पाहिला आणि परत दिला. "चिकटवलेली रेघ म्हणजे रेघ नाई. थे स्टिकर हाये. टाकी राहू दे."

"मग कोण मारणार?" मी विचारून बसलो.

त्याने वहिनींकडून पत्र्याच्या पेटीतला आपला लांब केसांचा ब्रश मागवला, डाव्या हाताने टर्पेंटाइनमध्ये धुतला, ओठांनी टोक नीट केलं आणि पाटाशेजारी ठेवला. सोनेरी तेली रंगाची जुनी डबी उघडून ढवळून ठेवली. मग मला म्हणाला, "खालचा रंग फवाऱ्याचा हाये, वरचा तेलाचा. म्हणजे रेघ चुकली तं टर्पेंटाइननं पुसता येते, खालचा काळा हलत नाई. हे ध्यानात ठेव."

मी ध्यानात ठेवलं. दुर्दैवाने तेवढंच.

दसऱ्याला चार दिवस राहिले होते. आणि नेमका तेव्हा माझा सत्कार होता, संग्रामपूरला. पत्रिकेत माझं नाव 'ज्येष्ठ साहित्यसेवक' या पदवीखाली छापलं होतं. मी साहित्याची सेवा कधी केली ते मला आठवत नव्हतं. एक बारीकसं पुस्तक आणि दुसऱ्यांच्या पुस्तकांना तेरा प्रस्तावना. पण सत्कार करणाऱ्यांना दरवर्षी कुणीतरी लागतो, आणि आधीचे संपत जातात. मी नको म्हणत होतो. भाऊच म्हणाला, "जा ना. काऊन नाई जात? शाल भेटन, थंडीची कामी येईन." आज वाटतं, त्याला मी त्या दिवशी घरात नको होतो. माझ्या देखत त्याला करून पाहायचं नव्हतं.

त्या सत्काराबद्दल मी पूर्वी मित्रमंडळींत पुष्कळ विनोद केले आहेत. ते सगळे खरे आहेत. खुर्च्यांना पांढरे झगे घालून मागे जांभळी फीत बांधली होती. समई विझू नये म्हणून पंखे बंद ठेवले होते आणि समई तरीही तीनदा विझली. प्रमुख पाहुणे पावणेदोन तास उशिरा आले. आल्यावर त्यांनी वेळेचं महत्त्व या विषयाला स्पर्श केला. मला तीन शाली मिळाल्या, कारण तीन मंडळांना द्यायच्या होत्या, आणि सदतीस अंश उन्हात त्या एकावर एक पांघरून मला भाषणं ऐकावी लागली. सोनेरी मुलाम्याचं एक प्लॅस्टिकचं स्मृतिचिन्ह मिळालं. ते हातात येताच मी सवयीने त्याचा सांधा पाहिला. लांबी भरलेली नव्हती. एक वक्ते म्हणाले, "सरांचा हात आजही लिहिता आहे!" टाळ्या पडल्या. मीही विनयाने खाली, आपल्या हाताकडे पाहिलं.

नंतर मी हिशेब केला. दुपारी तीन-साडेतीनची ती वेळ होती.

परतताना खामगावला मित्राकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास घरी आलो. न्हाणीघरातून पाण्याचा आणि वहिनींच्या बोलण्याचा आवाज येत होता. भाऊची आंघोळ म्हणजे पाऊण तासाचं काम. वहिनी एकट्याच त्याला धरून बसवत. मी शाली खुर्चीवर टाकल्या आणि मच्छरदाणी वर करून आत डोकावलो.

टाकीवर सोनेरी काहीतरी लागलं होतं. एक जाड, थरथरती, वेडीवाकडी ओळ. दोन ठिकाणी तुटलेली, एका ठिकाणी रंगाचा गोळा. शेवटी थोडा रंग वर गेला होता, वळल्यासारखा.

मी त्या क्षणाकडे अनेकदा परत गेलो आहे. मला काय वाटलं? वाटलं की वहिनी झाडताना ब्रश लागला असेल. किंवा भाऊने डाव्या हाताने प्रयत्न केला असेल, फसला असेल, आणि आता आंघोळ करून आला की त्याला ते पुन्हा बघावं लागेल. म्हणजे मला दया आली. हे लिहिताना बरं वाटतं. पण खरं सांगायचं तर दयेच्या आधी मला चूक दिसली. वाकडी ओळ दिसली आणि हात गेला. बाकीची कारणं हाताच्या मागून चालत आली.

मी चिंधीचं टोक टर्पेंटाइनमध्ये बुडवलं. रंग जाड होता म्हणून अजून पुरता वाळला नव्हता. टोकाशी वर गेलेला रंग ओघळ समजून मी आधी तोच पुसला. ओघळ वर जात नाही, हे मला सुचलं नाही. मग उरलेली ओळ पुसली. खालचा काळा हलला नाही, भाऊने सांगितलं होतं तसाच. टाकी लखलखीत झाली. एवढं झाल्यावर मला आणखी पुढचं सुचलं. दसऱ्याला गाडी पूर्ण असावी. तयार पट्टी पाण्यात भिजवली, सरकवली, टिपली. माझ्या हातून त्या गाडीवर झालेलं सगळ्यात सफाईदार काम ते होतं.

भाऊ बाहेर आला. धुतलेला सदरा, कपाळाला बुक्का, केसांना तेल. एरवी आंघोळीनंतर तो पलंगावर पडायचा. त्या दिवशी पाय ओढत सरळ माझ्याकडे आला. मागे वहिनी, ओल्या हातांनी, हसत. मला वाटलं, सत्काराचं विचारायला आले. मी गाडी पुढे केली. "बघ, झाली पूर्ण."

त्याने ती डाव्या हातात घेतली. अंगठा टाकीवरून फिरवला, एकदा जाताना, एकदा येताना. पट्टीच्या कडेशी अंगठा थांबला. वहिनींचं हसणं कधी थांबलं ते मी पाहिलं नाही. भाऊने वर माझ्याकडे पाहिलं, मग चिंधीकडे पाहिलं.

"चांगली झाली," तो म्हणाला. "शाल भेटली का?"

"तीन," मी म्हटलं.

"तीन!" तो म्हणाला, आणि जाऊन पलंगावर पडला.

दसरा झाला. अंगणात वहिनींनी सायकलीला, विळ्याला, भाऊच्या ब्रशाच्या पेटीला आणि या गाडीला हळदीकुंकू लावलं, झेंडूचं एक फूल वाहिलं. फूल टाकीपेक्षा मोठं होतं. नामदेवरावांनी सोनं देताना पुन्हा ॲव्हरेज विचारलं. भाऊ हसला. दुसऱ्या दिवशी वर्ष संपलं. बोटं झोपेत कूस बदलल्यासारखी हलायची, तीही हलेनाशी झाली. मी व्यायामाचं काढलं की तो म्हणे, "पाहू." पाहू म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही.

मला कळलं ते संक्रांतीच्या आधी. वहिनी सुपात तीळ निवडत होत्या, मी वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. भाऊ बाहेर उन्हात. सुपातून मान वर न करता त्या म्हणाल्या, "भाऊजी, एक सांगू का? त्यायनं सांगू नको म्हटलं होतं."

"सांगा."

"थे रेघ त्यायनं उजव्या हातानं मारली होती."

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"तुमी संग्रामपूरले गेले त्या दिवशी, दुपारी तीन-साडेतीनले. मी टाकी धरली होती दोन्ही हातानं. करंगळी टेकत नोहती, मंग त्यायनं डाव्या हातानं उजवी करंगळी दाबून धरली. लय वेळ लागला. मधात दोनदा ब्रश पडला. मी म्हटलं राहू द्या, तं मले म्हणे चूप बस. आन् शेवटी मिशीबी वळवली. घामानं अंघोळ झाली होती. लेकरासारखे रडले हो. म्हणे, वसंता आला की त्याले दाखवू. दुसऱ्या दिवशी सकाळी घाई करून राह्यले, लवकर आंघोळ करून दे, त्याची गाडी येईन."

तिळातून त्यांनी एक खडा काढला, बाजूला ठेवला.

"मग त्याने मला सांगितलं का नाही? मी पुसली तेव्हाच बोलायचं ना!"

"मीबी तेच म्हटलं. तं म्हणे, वसंताले वाचता येते. रेघ चांगली असती तं त्यानं पुसली असती का?"

इतकी पुस्तकं वाचली. माणसाच्या मनाचे तळ ढवळणारी म्हणून ज्यांची ख्याती, तीही वाचली. त्यातल्या कशाचा उपयोग एका सोनेरी ओळीकडे दोन मिनिटं नुसतं बघत बसण्यासाठी झाला नाही. ही मिशी मी पन्नास वर्षं बघत आलो होतो. बाजारात उभी असलेली गाडी लांबून पाहून ती अडाणी माणसांना ओळखता यायची.

त्याच दिवशी मी उन्हात भाऊशेजारी जाऊन बसलो. म्हटलं, "मला माहीत नव्हतं. उजव्या हाताची आहे हे माहीत असतं तर..."

"असतं तं काय?" तो म्हणाला. "उजव्या हाताची हाये म्हणून चांगली म्हटली असती? जाऊ दे. वाकडीच होती."

"पुन्हा मारून बघ. मी पट्टी काढून टाकतो."

"काढ ना," तो म्हणाला.

मी पट्टी काढली नाही. काढल्यावर खाली लखलखीत काळा निघाला असता, आणि त्या काळ्याकडे दोघांनी बघत बसायचं, एवढी माझी तयारी नव्हती. त्यानेही पुन्हा विचारलं नाही. सोनेरी रंगाची डबी पेटीत होती. एकदा सहज उघडून पाहिली तर वर कातडं धरलेलं, खाली खडा.

डॉक्टरांना मी एकदा आडून विचारलं. ते म्हणाले, एखाद्या दिवशी हात असा उठतो, पुन्हा उठेलच असं नसतं; त्याचा कशाशी संबंध लावू नका. डॉक्टर समजूतदार आहेत. वहिनींनी मला कधी बोल लावला नाही. भाऊने तर नाहीच. माझ्यावर रागावलेला माणूस या घरात एकही नाही, त्यामुळे माफी मागायला जागाच उरलेली नाही. तीन शाली मात्र आहेत. एक भाऊ पांघरतो.

यंदाही दसरा झाला. सोयाबीन यंदा जरा उशिरा निघालं, त्यामुळे दसऱ्याच्या दिवशीही हडंबे चालूच होते आणि पूजेच्या ताटात, हळदीवर, कुटाराचे तुकडे पडत होते. भाऊ अंगणात खुर्चीवर. हात मांडीवर. वहिनींचे डोळे आता अधू झालेत; गाडीला कुंकू लावताना त्यांच्या बोटाला पाणी जास्त होतं. बोट टाकीवर घसरलं. सोनेरी पट्टीला आडवं कापत ओलं, तांबडं कुंकू वाकडंतिकडं ओघळत गेलं.

"अगं बाई," वहिनी म्हणाल्या.

आम्ही तिघंही त्या कुंकवाकडे बघत राहिलो. मला वाटलं, राहू द्यावं. तसं म्हणायला मी तोंड उघडणार, एवढ्यात भाऊ म्हणाला, "पुस थे, वसंता. वाळलं की डाग पडते."

"राहू दे ना, भाऊ."

"पुस. तुले जमते."

त्याच्या आवाजात राग किंवा टोमणा, काही नव्हतं. मी खूप शोधलं. मी चिंधी आणली, टोक ओलं केलं आणि गाडी गुडघ्यावर धरली. भाऊ माझ्या हाताकडे बघत होता. कुणाचाही हात टाकीवर चालायला लागला की असं बघायची त्याची जुनी सवय.

"करंगळी टेकव," तो म्हणाला.

मी करंगळी टेकवली आणि पुसलं.